रांग कशी लावायची: शांतता आणि मदतकार्यात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

मदतकार्यात पहिल्यांदाच येणारा जवळजवळ प्रत्येक जण फोनवर एकच विचारतो, "येताना काय आणू?" प्रश्नात तळमळ असते, आणि माझं उत्तर ऐकून माणूस थोडा हिरमुसतो. सध्या काहीच आणू नका. तिथे आधीपासून कोण राबतंय आणि त्यांना आणखी एक माणूस हवाय का, एवढंच आधी विचारा. दंगल झालेली असो, युद्धातून पळून आलेली माणसं असोत, की पुराने उठवलेली वस्ती असो, पहिल्या काही तासांत जीव वाचवतात ते शेजारीपाजारीच. बाहेरून आलेल्याने त्यांना हातभार लावायचा असतो. त्यांच्या हातातलं काम काढून घ्यायचं नसतं.

हा लेख ज्यांना शांततेसाठी काही करायचंय आणि अडचणीत सापडलेल्यांना मदतही करायची आहे, पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी आहे. दोन्ही कामं मी एकत्रच सांगणार आहे, कारण मला ती कधी वेगळी दिसली नाहीत. मोर्चे, सभा, संवाद हे शांततेचं काम आणि पोती, चादरी, औषधं हे मदतीचं काम, ही वाटणी कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात दोन्ही येऊन भेटतात वाटपाच्या रांगेत. घर गमावलेला माणूस तिथे कधीकधी ज्याची भीती वाटते त्याच्याच मागे उभा असतो. कोणाचं नाव आधी पुकारलं, कोण रिकाम्या हाताने परतलं, कोणाला ढकललं गेलं, यावरून पुढच्या महिन्यातला तंटा पेटतो, नाहीतर टळतो.

१९०१ साली शांततेचं पहिलं नोबेल पारितोषिक दोघांना विभागून दिलं गेलं. एक रेडक्रॉसची कल्पना मांडणारे आंरी द्युनां, दुसरे युद्धच होऊ नये म्हणून आयुष्यभर झटलेले फ्रेदेरिक पासी. ती जोडी मला आजही बरोबर वाटते.

घरातून निघण्याआधी

एकट्याने उठून संकटाच्या जागी जाऊ नका. तिथल्या एखाद्या संस्थेशी, निदान एखाद्या स्थानिक गटाशी जोडून घ्या आणि निघण्यापूर्वी त्यांना स्पष्ट प्रश्न विचारा. माझा प्रमुख कोण असेल? मी राहणार कुठे? धोका वाढला तर कोण ठरवणार आणि बाहेर कसं काढणार? स्वयंसेवकांसाठी वर्तनाचे नियम लेखी आहेत का? एखाद्या गरजू माणसाला तुमच्याच कार्यकर्त्याबद्दल तक्रार करायची असेल तर ती कुठे करायची? शेवटच्या प्रश्नावर जी संस्था अडखळते, तिच्याबरोबर जाण्याआधी मी दोनदा विचार करीन.

आपल्याला काय येतं हेही प्रामाणिकपणे सांगा. नवीन माणसाला वाटतं, डॉक्टर नसलो तर आपला उपयोग काय? वास्तविक हिशेब नीट ठेवणारा, गाडी चालवणारा, तिथली भाषा बोलणारा आणि सुवाच्य अक्षरात न चुकता यादी लिहिणारा माणूस मिळणं कठीण असतं. यादी या कामात किती मोठी गोष्ट आहे, ते पुढे येईलच.

स्वतःचं पाणी, खाणं, औषधं, अंथरूण-पांघरूण बरोबर ठेवा, म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही त्यांच्यावर भार होणार नाही. ओळखपत्राची प्रत आणि घरच्यांचा नंबर गटप्रमुखाकडे द्या. आणि दोन-तीन दिवसांसाठी येणार असाल, तर येण्याऐवजी घरी बसून फोन घेणं, हिशेब तपासणं, भाषांतर करणं यातलं काही मागून घ्या. ओळख व्हायलाच तेवढे दिवस लागतात.

चार शब्द, त्यातला एक अवघड

जून १८५९ मध्ये उत्तर इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी सैनिक जवळच्या कास्तिल्योने गावात येऊन पडले. द्युनां तिथे पोचले ते आपल्या व्यवसायाच्या कामासाठी निघालेले असताना. गावातल्या बायका कुठल्या बाजूचा सैनिक हे न बघता पाणी पाजत होत्या, जखमा धूत होत्या, आणि म्हणत होत्या, "तुत्ती फ्रातेल्ली", म्हणजे सगळे भाऊच. त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसची समिती उभी राहिली आणि १८६४ मध्ये युद्धातल्या जखमींच्या संरक्षणाचा पहिला जिनिव्हा करार झाला. तत्त्वांची भाषा नंतर आली, त्या बायकांची वागणूक आधी.

आज मदतकार्याची चार तत्त्वं मानली जातात. माणुसकी, तटस्थता आणि निःपक्षपात ही तीन संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९१ च्या ठरावात मांडली, आणि स्वातंत्र्य हे चौथं २००४ मध्ये जोडलं गेलं. माणुसकी म्हणजे जिथे दुःख असेल तिथे जायचं. निःपक्षपात म्हणजे ज्याची गरज जास्त त्याला आधी, त्याचा धर्म, जात, पक्ष न पाहता. स्वातंत्र्य म्हणजे पैसा देणाऱ्याच्या किंवा सत्तेच्या इतर हेतूंसाठी राबायचं नाही.

अवघड शब्द तटस्थता. शांततेसाठी काम करणारा माणूस अन्यायावर बोलतो, आणि बोलायलाच हवं. पण दुपारी एका बाजूविरुद्ध घोषणा देणारा संध्याकाळी त्याच बाजूच्या वस्तीत औषधं घेऊन गेला, तर लोक दार उघडतील का? आणि त्याच्यामुळे त्याच्या संस्थेच्या इतरांना नाक्यावर अडवलं तर? रेडक्रॉस यासाठी सहसा जाहीर बोलत नाही, संबंधितांशी बंद दाराआड बोलते. १९७१ साली स्थापन झालेल्या 'मेदसां सां फ्रोंतिएर', म्हणजे सीमेपलीकडचे डॉक्टर, या संघटनेने बोलण्याचा मार्ग धरला. १९८५ मध्ये इथिओपियात लोकांना जबरदस्तीने हलवलं जात असल्याबद्दल तिच्या फ्रेंच शाखेने आवाज उठवला, तेव्हा तिला देशाबाहेर काढण्यात आलं. दोन्ही मार्गांना किंमत मोजावी लागते. मला दोन्हींबद्दल आदर आहे.

नव्या माणसाला माझा सल्ला साधा आहे. एका जागी, एका काळात, एकच भूमिका घ्या. वाटपाच्या कामावर असाल तर तिथल्या वादावर स्वतःच्या नावाने समाजमाध्यमांवर लिहू नका. बोलणं तुम्हाला अधिक महत्त्वाचं वाटत असेल तर वाटपातून बाजूला व्हा आणि मोकळेपणाने बोला. दोन्ही कामं मोलाची आहेत, फक्त एकाच अंगरख्यात मावत नाहीत.

आधी नकाशा, मग सामान

मदत तणाव वाढवूही शकते, हे १९९० च्या दशकात मेरी अँडरसन या अमेरिकी अर्थतज्ज्ञ बाईंनी अनेक देशांतल्या कार्यकर्त्यांचे अनुभव गोळा करून स्पष्टपणे मांडलं. त्यांची पद्धत एका कागदावर मावते. मधोमध रेघ ओढा. एका बाजूला लिहा माणसांना तोडणाऱ्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला जोडणाऱ्या. तोडणाऱ्या गोष्टी लगेच सुचतात: जमिनीचा वाद, जुनी दंगल, एका गटाला मिळालेली नोकरी. जोडणाऱ्या शोधाव्या लागतात. दोन्हीकडचे लोक एकाच पाणवठ्यावर येतात का? एखादी नर्स दोन्हीकडच्या बाळंतिणींना बघते का? मुलं एका शाळेत जातात का? कुणी कुणाला लपवून ठेवून वाचवलं आहे का? मग प्रत्येक निर्णयाला हा कागद समोर धरा: आपण ट्रक इथे उभा केला, या माणसाला कामावर घेतलं, या घराचं गोदाम केलं, तर कुठल्या बाजूला भर पडेल?

आमच्या गटाची एक चूक सांगते. एकदा आम्ही यादी करण्याचं काम सगळ्यात पुढे येऊन बोलणाऱ्या गृहस्थांवर सोपवलं. माणूस हुशार, अक्षर सुंदर, दोन तासांत यादी तयार. वाटप झालं. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी येऊन काहीच न बोलता उभी राहिली. तिच्याबरोबर चालत गेलो तेव्हा वस्तीच्या मागच्या टोकाची घरं दिसली. त्यांतलं एकही नाव यादीत नव्हतं, आणि त्यांना वाटत होतं की आम्हीच त्यांना गाळलं. त्यानंतर मी कुठल्याही यादीवर विश्वास ठेवण्याआधी वस्ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी फिरते. तुम्हीही फिरा. सकाळी एकदा, अंधार पडायच्या आधी एकदा, कारण दोन्ही वेळी वेगवेगळी माणसं दिसतात.

फिरताना मुद्दाम शोधायची ती न दिसणारी माणसं. अंथरुणाला खिळलेली, एकटी राहणारी वृद्ध माणसं, ऐकू न येणारी, कागदपत्रं जळालेली किंवा कधी नव्हतीच अशी, दुसऱ्याच्या घरात आसऱ्याला असलेली, आईवडिलांपासून सुटलेली मुलं. बायकांशी बायकांनीच, पुरुष जवळपास नसताना बोलावं. संडासाला रात्री जायची भीती वाटते, हे कुठलीही बाई चारचौघांत सांगत नाही.

किती लागतं

अंदाजाने काम करू नये म्हणून १९९७ पासून अनेक संस्थांनी मिळून 'स्फिअर' नावाची किमान मानकं तयार केली आणि ती वेळोवेळी सुधारली. काही आकडे पाठच करून ठेवा. पिण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, आणि नळ घरापासून ५०० मीटरच्या आत. २० माणसांमागे एक संडास, राहत्या जागेपासून फार तर ५० मीटरवर, आतून कडी लागणारा आणि उजेड असलेला. निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. रोजच्या आहारात माणशी सरासरी २,१०० किलोकॅलरी.

पहिल्या दिवशी हे जमत नाही. तरी आकडे माहीत असले की कुठे किती कमी पडतंय ते अधिकाऱ्यांसमोर ठामपणे मांडता येतं, आणि दोन वस्त्यांमध्ये कोणाची अवस्था अधिक वाईट, यावर आरडाओरडा न होता मोजून बोलता येतं. एका शिबिरात माणशी १२ लिटर आणि दुसऱ्यात ५ लिटर पाणी येत असेल, तर पुढचा टँकर कुठे जाणार हे सांगायला पुढाऱ्याची गरज पडत नाही.

रांग

आता मुख्य काम.

आदल्या दिवशी सांगा. काय मिळणार, किती मिळणार, कोणाला मिळणार आणि का, कुठे, किती वाजता. फळ्यावर लिहा, चित्र काढा, कर्ण्यावरून पुकारा, आणि दोन्ही बाजूंच्या वस्तीत सारखंच सांगा. एका बाजूला बातमी दोन तास आधी पोचली तरी संशयाला तेवढं पुरतं. नावांची यादी भिंतीवर लावावी की नाही हे परिस्थिती पाहून ठरवा. शांत जागी जाहीर यादी गैरव्यवहार रोखते. जिथे कोणी माणसं हुडकत फिरतंय, तिथे तीच यादी जिवावर बेतते. अशा वेळी निवडीचे निकष जाहीर करा, नावं नकोत. लोकांच्या हाती नुसत्या क्रमांकाचं टोकन द्या.

जागा दोघांचीही हवी, किंवा कोणाचीच नको. एका गटाच्या प्रार्थनास्थळाचं अंगण, पक्षाचं कार्यालय, जिथे मारहाण झाली तो चौक, हे सोडून द्या. जागेपर्यंत पोचायला कोणाला दुसऱ्यांच्या गल्लीतून जावं लागतंय का, ते स्वतः चालून पाहा. आत यायचा आणि बाहेर पडायचा रस्ता वेगळा ठेवा. सावली, पिण्याचं पाणी आणि संडास असलेच पाहिजेत. शस्त्र घेऊन कोणीही आत येणार नाही, मग तो आपल्या रक्षणाला आलेला का असेना. त्याला बाहेर, दिसेल पण अंगावर येणार नाही अशा अंतरावर उभं करा. वेळ अशी धरा, की सर्वांत लांबून आलेली बाई उजेडात घरी पोचेल.

वाटपाला बसणारी जोडी मिश्र असू द्या, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, आणि निम्म्या तरी बायका. १९४६ च्या अखेरीस गांधीजी दंगलग्रस्त नोआखालीत गेले, तेव्हा त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना एकेका गावात विखरून ठेवलं होतं, आणि प्रत्येक गावात एका हिंदूने आणि एका मुसलमानाने मिळून शांततेची हमी घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. वाटपाच्या टेबलावर बसलेली मिश्र जोडी हीच हमी रोज लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवते. भाषणाची गरज राहत नाही.

सामान मोजल्याशिवाय वाटप सुरू करू नका. टोकनं जितकी, तितके संच आधी समोर मोजून ठेवा. दोनशे टोकनं आणि एकशे नव्वद संच, हे संकटाला आमंत्रण आहे. कमी पडणार हे कळताच लगेच मोठ्याने सांगा, आणि उरलेल्यांना पुढची तारीख घातलेली चिठ्ठी द्या. संचाचं वजनही पाहा. तो एखाद्या म्हातारीला उचलणार नसेल, तर घरपोच करायला दोन तरुण ठेवा.

लोकांना शक्यतो बसवा. उभी रांग पुढे सरकते, दाबते, ढकलते. ओळीने बसलेली माणसं शेजारच्याशी बोलू लागतात. टोकनाच्या क्रमाने तीस-तीस जणांना वेळ वाटून दिली तर कोणाला चार तास ताटकळावं लागत नाही. गरोदर, अपंग, वृद्ध आणि तान्ह्या बाळाच्या आयांसाठी वेगळी ओळ ठेवा, आणि ती का आहे हे बाकीच्यांना आधीच सांगा. न सांगता केलेली चांगली गोष्टही वशिल्यासारखी दिसते.

आणि ज्या युक्तीने मी सर्वांत जास्त भांडणं टळलेली पाहिली, ती ही. मुख्य टेबलापासून वीस-पंचवीस पावलांवर दुसरं टेबल लावा, चौकशीचं. ज्याचं नाव सापडत नाही, ज्याचं टोकन हरवलं, ज्याला अन्याय झाल्यासारखं वाटतं, त्याच्याशी रांगेत एक शब्दही वाद घालायचा नाही. "तुमचं म्हणणं बरोबर असू शकतं, ताईंकडे चला," एवढंच म्हणून त्याला तिकडे घेऊन जायचं. तिथे गटातली सर्वांत शांत व्यक्ती बसवा, सर्वांत हुशार नव्हे. तिच्यासमोर खुर्ची असावी, पाणी असावं, आणि नोंदवही. रागावलेला माणूस बसला आणि समोरची व्यक्ती त्याचं नाव लिहून घेते आहे हे त्याने पाहिलं, की आवाज खाली येतो. त्या माणसाची बाजू खरी निघते, असंही पुष्कळदा होतं.

रेटारेटी सुरू झाली तर वाटप थांबवा. थांबवायचं कोणी हे सकाळीच ठरलेलं असावं, एकाच माणसाकडे शिट्टी. गाडीवरून वस्तू फेकणं कुठल्याही परिस्थितीत नाही. त्यात लहान मुलं चिरडतात, आणि घेणाऱ्याची मानही खाली जाते.

रांगेबाहेरून पाहणारे शेजारी विसरू नका. आसरा देणारी वस्ती बहुतेक वेळा स्वतःच गरीब असते. आलेल्यांना सगळं आणि आधीपासूनच्यांना काहीच नाही, असं चार आठवडे चाललं की आसरा देणारेच दार लावून घेतात. पाण्याचा नळ, दवाखाना, शाळेची दुरुस्ती अशी दोघांच्या उपयोगाची कामं त्यासाठीच काढायची.

मदत फुकट आहे, हे ठळक अक्षरांत लिहून लावा. पैसा नाही, मत नाही, घोषणा नाही, आणि शरीर तर नाहीच. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित शिबिरांत मदतीच्या बदल्यात बायका-मुलींचं लैंगिक शोषण झाल्याचे अहवाल बाहेर आले, आणि त्यानंतर जगभरच्या मदतसंस्थांसाठी सहा नियम ठरले. अठरा वर्षांखालच्या कोणाशीही लैंगिक संबंध नाही, वय माहीत नव्हतं ही सबब चालणार नाही. मदतीच्या बदल्यात संबंध नाही. सहकाऱ्याबद्दल शंका आली तर कळवणं बंधनकारक. हे तुम्हाला लागू आहे, चार दिवसांचे स्वयंसेवक असलात तरीही.

तक्रारपेटी ठेवा. तिच्या दोन किल्ल्या, त्याही वाटपात नसलेल्या दोन माणसांकडे. ठरलेल्या वारी ती उघडायची आणि काय केलं ते नावं न घेता सर्वांना सांगायचं. लिहिता न येणाऱ्यांसाठी तक्रार ऐकून घेणारी एक बाई ठराविक वेळी ठराविक जागी बसली पाहिजे. पेटी रिकामी निघाली तर खूश होऊ नका. बहुधा लोकांचा तिच्यावर विश्वास बसलेला नसतो.

वस्तू की पैसे

बाजार चालू असेल आणि पैसे सुरक्षितपणे पोचवता येत असतील तर रोख मदत बहुतेक वेळा चांगली. माणूस स्वतःची गरज स्वतः ठरवतो आणि दुकानदारही उभा राहतो. बाजारच मोडला असेल तर वस्तू. न मागता पाठवलेले जुने कपडे मात्र रस्ता अडवतात, निवडायला माणसं अडकवतात, आणि शेवटी ढीग कुजतो. घरच्यांना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

अफवा

तणावाच्या काळात खोटी बातमी ट्रकच्या आधी पोचते. प्रत्येक गटात एक जण अफवांची वही ठेवणारा असावा: काय ऐकलं, कुठे, केव्हा, किती जणांकडून. मग दोन स्वतंत्र ठिकाणांहून खातरजमा, शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन. खुलासा करताना अफवा पुन्हा उच्चारू नका, खरी गोष्ट आधी सांगा. "पाण्यात विष नाही" म्हटलं की लोकांच्या डोक्यात विष राहतं. "आज सकाळी पाणी तपासलं, क्लोरीन बरोबर आहे, आम्ही सगळे तेच पितोय," हे सांगा, आणि नळावर उभं राहून पिऊन दाखवा. अफवा ज्या वाटेने आली त्याच वाटेने खुलासा जायला हवा. ती फोनवरच्या गटांतून पसरली असेल तर नुसत्या फळ्यावर लिहून भागत नाही. आणि लक्षात घ्या, प्रत्येक अफवेखाली एक खरी भीती असते. ती कोणती, हे वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहा.

सोबत करणं

धोक्यात असलेल्या माणसाच्या बरोबर, निःशस्त्र, नुसतं असणं, हेही काम आहे. 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल' ही संघटना १९८१ मध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकांत शांतिसेनेत काम केलेले नारायण देसाई होते, म्हणजे विनोबांच्या शांतिसेनेचा अनुभव थेट तिथे पोचला. १९८५ मध्ये ग्वाटेमालात बेपत्ता केलेल्यांच्या नातेवाइकांच्या संघटनेतल्या दोन पुढाऱ्यांची हत्या झाली, तेव्हा या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक उरलेल्यांच्या बरोबर सतत राहू लागले. हल्ला करणाऱ्याला साक्षीदार नको असतो, इतका साधा तो विचार आहे. २००२ मध्ये स्थापन झालेल्या 'नॉनव्हायोलंट पीसफोर्स'चे कार्यकर्ते दक्षिण सुदानमध्ये सरपण आणायला जाणाऱ्या बायकांबरोबर चालत जातात.

पण प्रशिक्षणाशिवाय यात उतरू नका. नेहमी जोडीने जा. ज्याची सोबत करता, निर्णय त्याचा. तो म्हणेल तिथे जायचं, तो नको म्हणेल तेव्हा थांबायचं. जमाव चिडलेला असेल तर समोर छाती काढून उभं राहू नका, थोडं तिरकं उभं राहा, हात उघडे आणि दिसतील असे ठेवा, आवाज समोरच्याच्या आवाजापेक्षा खाली ठेवा. त्याला मागे सरायला वाट मोकळी ठेवा, आणि स्वतःलाही. हे वाचून येत नाही. गटात एकमेकांना शिव्या देऊन, ढकलून, पुन्हा पुन्हा तालीम करावी लागते.

अहिंसक मार्गाने खरंच काही घडतं का, असं नवे लोक विचारतात. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमांपैकी सुमारे ५३ टक्के यशस्वी झाल्या, हिंसक मोहिमांपैकी २६ टक्के. आकड्यापेक्षा मला २००३ चा, गृहयुद्धाने पोळलेला लायबेरिया आठवतो. ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढऱ्या कपड्यांत एकत्र येऊन रोज मैदानात बसल्या. वाटाघाटी घाना देशात रेंगाळल्या तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी तिथे जाऊन सभागृहाच्या दारात बसल्या आणि तोडगा निघाल्याशिवाय कोणाला बाहेर जाऊ देणार नाही म्हणाल्या. ऑगस्टमध्ये करार झाला. त्यांच्या नेत्या लेमा बोवी यांना २०११ मध्ये नोबेल मिळालं.

ऐकणं

लोक रडतील, गप्प बसतील, तेच तेच सांगतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत दिली ती तीन शब्दांत बसते: बघा, ऐका, जोडून द्या. बघा म्हणजे सुरक्षित आहे का, कोणाला तातडीची गरज आहे का. ऐका म्हणजे तो बोलेल तेवढंच. "नक्की काय झालं ते सगळं सांगा" असं खोदून विचारणं नुकसान करू शकतं. जोडून द्या म्हणजे नातेवाईक, डॉक्टर, वकील, जे हवं ते. "सगळं ठीक होईल" म्हणू नका. तुम्हाला ते माहीत नाही, आणि त्यालाही कळतं की तुम्हाला माहीत नाही.

फोटो काढण्यापूर्वी विचारा, आणि तो कुठे दिसणार तेही सांगा. हातात मदत धरलेल्या माणसाची संमती खरी संमती नसते, म्हणून वाटपाच्या जागी कॅमेरा नकोच. मुलांचे, अत्याचार सोसलेल्यांचे चेहरे आणि राहण्याची जागा उघड करू नका. यादी असलेला कागद आणि फोन कुलपात ठेवा. नाक्यावर तपासणी होणार असेल तर त्या दिवशी ती यादी बरोबर नेऊच नका.

तुमची झोप आणि तुमचं जाणं

आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी घ्या. न झोपलेला कार्यकर्ता रांगेत ओरडतो, आणि त्याचं ओरडणं लोक वर्षभर लक्षात ठेवतात. रोज संध्याकाळी गटाने अर्धा तास बसावं: आज काय बिघडलं, कोणाला काय लागलं. रात्री तेच चेहरे डोळ्यांसमोर येत राहिले, चिडचिड थांबेना, तर जाणकाराची मदत घ्या.

निघण्याची तारीख पहिल्याच आठवड्यात लोकांना सांगून ठेवा. निरोप घेताना परत येण्याचं वचन देऊ नका, खात्री असल्याशिवाय तर मुळीच नाही. शेवटचे दोन दिवस वाटपाला हात लावू नका. तुमच्या जागी येणाऱ्या स्थानिक माणसाला टेबलावर बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा. कोणत्या घरी वृद्ध माणसं एकटी आहेत, कोणाची तक्रार अजून मिटलेली नाही, पुढची तारीख घातलेल्या किती चिठ्ठ्या बाहेर आहेत, पाण्याचा टँकर कोणाच्या फोनवर येतो, हे सगळं लिहून त्याच्या हाती द्या. दोन टेबलांपैकी चौकशीचं टेबल कोण सांभाळणार, ते नावानिशी ठरवा. आणि पेटीच्या दोन किल्ल्यांपैकी एक तुमच्या खिशात असेल तर ती आठवणीने काढून द्या, सर्वांसमोर.